वाळवंटातील रात्रीची झाडलोट

सूर्यप्रकाशापासून वीज तयार करण्याचा मोठा कारखाना काढायचा झाला, तर तुम्ही जागा कोणती निवडाल? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले एका सुरात उत्तर देतात, "वाळवंट!" उत्तर बरोबरच आहे. वाळवंटात ढग क्वचित, ऊन मुबलक, झाडांची सावली नाही आणि जमिनीला फारसा भावही नाही. राजस्थानात फलोदीच्या उत्तरेला भडला नावाचे ठिकाण आहे. तेथे ५५ चौरस किलोमीटरहून अधिक जागेवर सौर पॅनेलांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत. त्यांची एकूण क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची क्षमता मिळून १,९६० मेगावॅट होते, यावरून हा पसारा केवढा आहे याची कल्पना येईल. अर्थात भडल्याची वीज फक्त दिवसा मिळते, हा फरक विसरता कामा नये.

पण वाळवंटात उन्हाइतकीच आणखी एक वस्तू मुबलक आहे. ती म्हणजे धूळ. आणि एका वस्तूचा कायमचा तुटवडा आहे. ती म्हणजे पाणी. धूळ धुवायची तर पाणी हवे, आणि जेथे धूळ सर्वांत जास्त तेथेच पाणी सर्वांत कमी! या पेचातून वाट काढण्यासाठी आज एक वेगळ्याच प्रकारचे यंत्र कामाला लागले आहे. त्याची ओळख करून घेण्यापूर्वी आपण त्याच्या शत्रूची, म्हणजे धुळीची, नीट ओळख करून घेऊ.

दोन चमचे मैदा

काचेवर थोडीशी धूळ बसली तर असे काय मोठे बिघडणार, असे तुम्हांला वाटेल. एक चौरस मीटर काच डोळ्यांसमोर आणा. साधारण एका लहान टेबलाएवढी होईल. तिच्यावर चहाच्या चमच्याने दोन चमचे मैदा चाळणीतून सारखा पसरला, तर त्याचे वजन भरेल जेमतेम चार-पाच ग्रॅम. अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ मलय मजुमदार यांनी २०१० साली दाखवून दिले की, एवढ्याच बारीक धुळीने पॅनेलाची वीज सुमारे ४० टक्क्यांनी घटू शकते. चार-पाच ग्रॅमची ही करामत!

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. गांधीनगरच्या आय. आय. टी.मध्ये प्राध्यापक चिन्मय घोरोई आणि अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाचे मायकेल बर्गिन यांच्या गटाने तेथील पॅनेलांवरील धुळीचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ती पॅनेले काही आठवड्यांच्या अंतराने पुसली जात. प्रत्येक वेळी पुसल्यावर विजेत सुमारे ५० टक्क्यांची वाढ दिसून आली. काचेवरचा थर तपासला तेव्हा त्यात ९२ टक्के साधी धूळ निघाली. उरलेला भाग होता काजळी आणि हवेच्या प्रदूषणातून आलेले क्षार. हा भाग वजनाने थोडा असला तरी त्याचे कण अतिशय बारीक असतात आणि वजनाच्या मानाने ते प्रकाश फार अडवतात. एक सुपारी अख्खी ठेवली तर ती बशीचा थोडासाच भाग झाकते, पण तीच किसून पसरली तर सगळी बशी झाकून जाते, तसाच हा प्रकार आहे.

धूळ सगळीकडे सारखी बसली तर निदान हिशोब सरळ असतो. पण ती कोठे दाट, कोठे विरळ अशी बसली म्हणजे नुकसान आणखी वाढते. असे का होते, हे समजण्यासाठी पॅनेलाच्या आत डोकावू या.

पॅनेल म्हणजे एकच एक मोठा घट नव्हे. त्यात साधारणपणे ६० किंवा ७२ सौरघट असतात. प्रत्येक घट जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. अर्ध्या व्होल्टने कोणाचेच काम भागत नाही, म्हणून हे घट एकापुढे एक असे एकसर जोडतात. ७२ घट एकसर जोडले की ३६ व्होल्ट मिळतात. एकसर जोडणीत सर्व घटांतून एकच विद्युतधारा वाहते, हे तुम्ही पुस्तकात शिकला आहात. आता समजा, पक्ष्याच्या विष्ठेने त्यांतील एकच घट झाकला गेला. त्याच्यावर प्रकाश नाही, म्हणून त्याची धारा घटली, आणि एकसर जोडणी असल्यामुळे बाकीच्या ७१ घटांचीही वाट अडली. शेतात पाण्याच्या नळीवर एकाच ठिकाणी पाय ठेवला तर सगळ्या नळीतले पाणी मंदावते ना? येथेही तसेच होते. एवढ्यावरच भागत नाही. उन्हात काम करणारे बाकीचे घट त्या झाकलेल्या घटातून धारा रेटू पाहतात. तो बिचारा वीज देण्याऐवजी वीज खाऊ लागतो आणि तापतो. असा तापलेला घट कायमचा निकामी होऊ शकतो.

यावर उपाय म्हणून पॅनेलामागच्या डबीत बहुधा तीन डायोड बसवलेले असतात. घटांचा एखादा तिसरा हिस्सा अडला तर डायोड त्याला बगल देऊन धारेला वेगळी वाट करून देतो. मग पॅनेलाची वीज सगळी न जाता एक तृतीयांश जाते. तरी एका पक्ष्याच्या एका विष्ठेसाठी ही किंमत थोडी नव्हे!

रवा आणि मैदा

आता खरा प्रश्न. पॅनेल तिरके बसवलेले असते आणि त्यावरून वाराही वाहतो. मग धूळ आपोआप घसरून का पडत नाही? उडून का जात नाही?

याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. आईला किंवा आजीला विचारून एक कोरडे स्टीलचे ताट घ्या. एका बाजूला चिमूटभर रवा आणि दुसऱ्या बाजूला चिमूटभर मैदा पसरा. आता ताट हळूहळू तिरके करा आणि शेवटी पार उपडे करा. रवा घरंगळून खाली येईल. मैद्याचा मात्र पातळ पांढरा थर उपड्या ताटालाही चिकटून राहील. पदार्थ एकच, गहू. फरक फक्त कणांच्या आकाराचा.

त्याचे असे आहे. कोणतेही दोन पदार्थ अगदी जवळ आले की त्यांच्या रेणूंमध्ये अल्पसे आकर्षण निर्माण होते. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांच्या नावाने हे बल ओळखले जाते. कणाचा व्यास दहापट कमी केला तर हे चिकटणारे बल साधारण दहापटच कमी होते. पण कणाचे वजन? वजन आकारमानावर अवलंबून असते, आणि आकारमान व्यासाच्या घनावर. म्हणून वजन कमी होते १० × १० × १० म्हणजे हजारपट! खाली ओढणारे बल हजारपट घटले आणि धरून ठेवणारे बल फक्त दहापट. तेव्हा बारीक कण वजनाच्या मानाने शंभरपट घट्ट बसतो. काचेवर टिकून राहणाऱ्या धुळीचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. अशा कणांना आपल्या वजनाने घसरणे ठाऊकच नाही म्हणा ना!

राहिला वारा. घरातल्या छताच्या पंख्याकडे पाहा. त्याची पाती मिनिटाला तीनशे वेळा गरगरत असतात, तरी दिवाळीच्या साफसफाईत त्यांवर धुळीचा जाड थर निघतोच. वाहत्या हवेचा पृष्ठभागाला लागून असलेला अगदी पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. बारीक कण या स्थिर थरात बुडालेले असतात. वारा त्यांच्या डोक्यावरून जातो, त्यांना स्पर्श करीत नाही.

येथवर धूळ नुसती चिकटली होती. पण अजून रात्र व्हायची आहे. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे प्रारित करते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग तिच्यावर दव पडते. दवाच्या थेंबात धुळीतले क्षार विरघळतात. सकाळी ऊन चढू लागले की पाणी आटत जाते आणि शेवटी ते कण व काच यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत तेवढे उरते. तेथे पाण्याचा पृष्ठताण कणाला काचेकडे ओढून धरतो. तेही पाणी गेले की मागे राहतात क्षार आणि चिकणमाती, म्हणजे जणू सिमेंटच! काल संध्याकाळी फुंकरीने नव्हे, पण मऊ कुंचल्याने निघाली असती ती धूळ काही रात्रींनंतर पोपडी होऊन बसते. मग ती घासावी लागते आणि घासायला पाणी लागते.

मित्रांनो, हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे. धूळ ताजी असताना काढली तर पाण्याशिवाय निघते. ती मुरू दिली की पाण्याशिवाय निघत नाही.

पंधराशे टँकर

मग रोज का पुसत नाहीत? हिशोब करून पाहू. एक पॅनेल ३०० वॅटचे धरले तर २,२४५ मेगावॅटसाठी सुमारे ७५ लाख पॅनेले लागतील. प्रत्येकाला एका धुण्यास दोनच लिटर पाणी धरू. एकूण झाले दीड कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर, या मापाने पंधराशे टँकर! आणि हे एकाच धुण्याचे. जेथे माणसांनाही कालव्यातून दुरून आलेल्या पाण्यावर दिवस काढावे लागतात, तेथे हे पाणी रोज आणायचे कोठून? अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली असा अंदाज मांडला की, जगभर सौर पॅनेले धुण्यासाठी वर्षाला सुमारे एक हजार कोटी गॅलन पाणी खर्च होते. वीस लाख लोकांची तहान भागेल एवढे हे पाणी आहे.

शिवाय कसलेही पाणी चालत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते काचेवर वाळले की नळाच्या तोटीवर दिसतात तसे पांढरे डाग उमटतात. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच एकदम आकसून तडकण्याचा धोका असतो. म्हणून धुणारे मजूर पहाटे किंवा रात्री, लांब दांड्याचे ब्रश आणि नळ्या घेऊन, ट्रॅक्टरमागच्या टँकरबरोबर रांगेरांगेने चालतात. काम कष्टाचे आहे. एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा मळलेले असते.

यंत्र येते

यंत्रमानव म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर दोन हात, दोन पाय आणि दिव्यांचे डोळे असलेला लोखंडी माणूस उभा राहत असेल. पॅनेल पुसणारे यंत्र पाहून तुमची निराशा होईल! अॅल्युमिनियमची एक हलकी लांब चौकट, तिला दोन्ही टोकांना रबरी चाके आणि मध्ये गोल फिरणारा लांबलचक ब्रश, एवढेच त्याचे रूप. ते पॅनेलांच्या रांगेवर आडवे स्वार होते. त्याची चाके पॅनेलांच्या कडेच्या पट्ट्यांवरून धावतात, म्हणजे वजन काचेवर येत नाही. ब्रश नायलॉनच्या मऊ तंतूंचा किंवा बारीक धाग्यांच्या कापडी झालरींचा असतो. तो नुसता घासत नाही. त्याच्या फिरण्याने काचेलगत हवेचा झोत तयार होतो आणि सुटी झालेली धूळ उताराच्या दिशेने खाली ढकलली जाते. पंख्याच्या पात्यावर आपण पाहिलेला तो स्थिर हवेचा थर येथे ब्रशाचे तंतू मोडून काढतात आणि उरलेले काम गुरुत्वाकर्षण करते. पाण्याचा एक थेंबही लागत नाही.

यंत्राच्या पाठीवर स्वतःचे एक छोटे सौर पॅनेल आणि बॅटरी असते. दिवसभर ते रांगेच्या टोकाला आपल्या जागेवर उभे राहून बॅटरी भरून घेते. सूर्य मावळला की त्याची पाळी सुरू होते. रात्रीच का? एक तर दिवसा त्याचीच सावली पॅनेलांवर पडेल, आणि सावलीचे परिणाम आपण वर पाहिलेच. दुसरे म्हणजे आजची धूळ आज रात्रीच, दव पडण्यापूर्वी, निघायला हवी. दव पडल्यावर कोरडा ब्रश फिरवला तर धुळीचा चिखल होऊन काच सारवल्यासारखी होईल. म्हणून आवारात आर्द्रता, पाऊस आणि वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे असतात. हवा दमट झाली किंवा वादळ येऊ घातले की मुख्य संगणक सगळ्या यंत्रांना जागेवर थांबण्याचा हुकूम सोडतो. वादळ ओसरले की मात्र ती लगेच कामाला लागतात.

इस्राएलच्या दक्षिणेला अरावा खोऱ्यात केतुरा नावाची सामुदायिक वस्ती आहे. तेथील सुमारे पाच मेगावॅटच्या प्रकल्पात २०१४ साली अशी शंभराच्या आसपास यंत्रे बसवली गेली आणि सगळी साफसफाई त्यांच्यावर सोपवण्यात आली. पुढे ही पद्धत इतर वाळवंटी देशांत गेली. राजस्थानातील अनेक प्रकल्पांतही आज अशी यंत्रे रोज रात्री फिरतात.

रोज रात्री, हे महत्त्वाचे. यात पाण्याबरोबर पैशाचाही हिशोब आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. हजार पॅनेलांची एक बाग समजा. प्रत्येक पॅनेल दिवसाला दीड युनिट देते, म्हणजे एकूण १,५०० युनिटे. युनिटला ३ रुपये धरले तर रोजचे ४,५०० रुपये. धुळीमुळे दररोज अर्धा टक्का वीज घटत जाते, असे माना. म्हणजे नुकसान रोज साडेबावीस रुपयांनी वाढत जाते. टँकर आणून धुण्याचा खर्च एका वेळेला ४,००० रुपये धरू. (हे आकडे केवळ हिशोबासाठी घेतले आहेत, खरे आकडे जागोजाग बदलतात.)

दर पाच दिवसांनी धुतले तर धुण्याचा खर्च दिवसाला ८०० रुपये पडतो आणि धुळीचे सरासरी नुकसान फक्त ५६. एकूण ८५६. कंजूषपणा करून साठ दिवसांनी धुतले तर धुणे दिवसाला ६७ रुपयांत होते, पण धूळ खाते ६७५. एकूण ७४२. वीस दिवसांनी धुतले तर २०० आणि २२५, मिळून ४२५. म्हणजे वीस दिवसांच्या आसपास सर्वांत कमी तोटा. तुम्ही वहीत आलेख काढून पाहा, दरीसारखी सुंदर वक्ररेषा येईल.

यंत्राचे गणित वेगळे. त्याची किंमत, दुरुस्ती, ब्रश बदलणे हे सगळे धरून रोजचे १०० रुपये पडतात असे समजू. हा खर्च यंत्र फिरले काय आणि उभे राहिले काय, जवळपास तेवढाच. मग ते रोजच का फिरवू नये? रोज फिरवले की धुळीचे नुकसान उरते ११ रुपये. एकूण १११! माणसाने वीस दिवसांनी जे काम करणे परवडते, ते यंत्राने रोज करणे परवडते. आणि रोज केले म्हणजे धूळ मुरत नाही, धूळ मुरली नाही म्हणजे पाणी लागत नाही. यंत्र माणसापेक्षा चांगले पुसते असे मुळीच नाही. एका वेळेचे पुसणे तुलनेला घेतले तर पाणी आणि ब्रश घेतलेला माणूसच सरस ठरेल.

यंत्राच्या मर्यादा आणखीही आहेत. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा कोरड्या ब्रशाला दाद देत नाही. तेथे ओले फडके घेतलेला माणूसच लागतो. दुसरी काळजी ओरखड्यांची. वाळूत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कठीण आहे. शिवाय काचेवर परावर्तन कमी करणारा एक लेप असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते! वर्षाला ३६५ वेळा ब्रश फिरला तर वीस-पंचवीस वर्षांत या लेपाचे काय होईल, हा प्रश्न अभियंत्यांना सतावतो. म्हणून ब्रशाचा दाब शक्य तितका कमी ठेवतात. माझ्या मते सर्वांत मोठा प्रश्न मात्र लेपाचा नाही, माणसांचा आहे. पॅनेले धुण्याची मजुरी आसपासच्या गावांतील लोकांना मिळत असे. यंत्रामुळे त्यातली बरीच जाते. यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ लागतात खरे, पण संख्येने थोडे आणि शिकलेले. ज्यांच्या गावच्या जमिनीवर ही पॅनेले उभी आहेत, त्यांच्याच मुलांना ते शिक्षण मिळाले तर पाणीही वाचेल आणि रोजगारही.

जेथे पुसायला कोणीच नाही

राजस्थानात निदान माणूस आणि टँकर पोहोचू शकतो. आता अशा जागेचा विचार करा जेथे पाणी नाही, मजूर नाही आणि दुरुस्तीला कोणी जाऊही शकत नाही. मंगळ ग्रह!

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीवर धूळ मोजण्याचे एक उपकरण होते. तिच्या पॅनेलाची वीज धुळीमुळे दररोज सुमारे ०.२८ टक्क्यांनी घटत असल्याचे त्यावरून कळले. २००४ साली उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्या म्हणूनच ९० दिवसांच्या बोलीवर पाठवल्या होत्या. पण तेथल्या वावटळींनी अधूनमधून त्यांची पॅनेले झाडून दिली आणि ऑपॉर्च्युनिटी २०१८ सालच्या मोठ्या धुळीच्या वादळापर्यंत चालत राहिली.

२०१८ सालीच उतरलेल्या इनसाइट यानाच्या नशिबी अशा वावटळी नव्हत्या. त्याची पॅनेले मळत चालली. पुसायला ब्रश नव्हता. होता तो फक्त माती उचलणारा एक यांत्रिक हात. मे २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या हाताने वाळू उचलून पॅनेलाशेजारी वाऱ्याच्या बाजूने हळूहळू ओतली. मळलेल्या पॅनेलावर आणखी माती! पण रवा आणि मैदा आठवा. वाळूचे मोठे कण वाऱ्याबरोबर टणाटण उड्या मारीत पॅनेलावरून गेले आणि जाताना त्यांनी धुळीच्या बारीक कणांना धक्के देऊन उडवले. रव्याने मैदा झाडला! यानाला दिवसाला सुमारे ३० वॅट-तास ऊर्जा जास्त मिळू लागली. त्यानंतर डिसेंबर २०२२ पर्यंत त्याने काम केले. शेवटी धुळीनेच त्याचा घास घेतला.

ब्रशाने स्पर्शही न करता धूळ काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. डोक्याला घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तीच स्थिर विद्युत येथे वापरतात. एम. आय. टी.च्या श्रीदत्त पणत आणि कृपा वाराणसी यांनी २०२२ साली दाखवलेल्या पद्धतीत एक धातूची पट्टी काचेच्या थोड्या वरून सरकत जाते. पट्टी आणि काच यांच्यामध्ये काही हजार व्होल्टचा दाब असतो. धुळीचे कण भारित होतात आणि उडून जातात. गेलेल्या विजेपैकी सुमारे ९५ टक्के वीज अशा रीतीने परत मिळाली. यात एक गंमत आहे. कोरडा धूलिकण विद्युतरोधक असतो, त्याला भार मिळत नाही. त्याच्या अंगावर हवेतल्या ओलाव्याचा सूक्ष्म थर असला तरच तो भारित होतो. म्हणून या पद्धतीला हवेत ३० टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागते. दवाच्या रूपाने जो ओलावा धुळीला चिकटवत होता, तोच येथे तिला हाकलायला मदत करतो! चंद्रावर ओलावा नाही, तेथे वेगळी युक्ती हवी. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट यानाबरोबर गेलेल्या नासाच्या उपकरणाने काचेत बसवलेल्या तारांमधून बदलते विद्युतक्षेत्र निर्माण करून चंद्रावरची धूळ झटकून दाखवली.

आपल्या गच्चीवर

महाराष्ट्रातही धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ सालापासून आहे. शेतांत सौरपंप आले आहेत, घरांच्या गच्च्यांवर पॅनेले दिसतात. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने धुण्याचे काम पाऊसच करतो, तेही फुकट. मात्र जोरदार सर हवी. वळवाचे चार थेंब पडले तर ते धूळ वाहून नेण्याऐवजी चिखलाचे ठिपके करून ठेवतात. घरच्या दहा-बारा पॅनेलांसाठी यंत्र घेणे मला तरी हौसच वाटते, कारण वर मांडलेला १०० रुपयांचा हिशोब तेथे मुळीच जुळत नाही. मऊ फडके, लांब दांडा आणि बादलीभर गोडे पाणी पुरे. पुसायचे ते सकाळी लवकर, काच थंड असताना, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी. उतरत्या छपरावर तुम्ही चढू नका, तडकलेल्या पॅनेलाला हात लावू नका. ऊन असेपर्यंत त्यात वीज असतेच. जमिनीवरून मात्र एक गोष्ट जरूर पाहा. पॅनेलाच्या खालच्या कडेला चौकटीशी साचलेली धुळीची पट्टी दिसते का? सगळी काच लखलखीत असून ती पट्टी घटांच्या खालच्या ओळीवर आली, तर पॅनेल उभे बसवले असल्यास डायोडांचे तिन्ही हिस्से एकदम अडतात.

आता एक प्रयोग. एकसारख्या तीन काचा घ्या, जुन्या फोटोंच्या चौकटीतल्याही चालतील. कडा चिकटपट्टीने झाका. अंगणात किंवा गॅलरीत तिन्ही काचा सारख्याच तिरक्या ठेवा. पहिली रोज संध्याकाळी कोरड्या मऊ कुंचल्याने झाडा. दुसरीला हात लावू नका. तिसरीवर रोज रात्री पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, म्हणजे दवाची नक्कल होईल. पंधरा दिवसांनी दुपारी ठरावीक वेळी सौरपॅनेल असलेल्या खेळण्यातील मोटारीवर, किंवा प्रकाश मोजणाऱ्या मोबाइलवर, एकेक काच धरून फरक नोंदवा. नंतर दुसरी आणि तिसरी काच त्याच कुंचल्याने तितक्याच वेळा झाडा आणि पुन्हा मोजा. कोणती काच किती साफ झाली, याचा तक्ता वहीत करा. मधल्या काळात पावसाची सर आली, तर ती तारीखही तक्त्यात लिहायला विसरू नका.